डोके कामात आहे

विठ्ठलराव गावंडे त्या सकाळी रहमतभाईंच्या दुकानात गेले ते बोअरची जळालेली मोटर नव्या तारेने भरून झाली का, एवढंच विचारायला. परत निघाले तेव्हा मोटर तशीच उघडी पडलेली होती. आपण एकशे ब्याऐंशी टेलिफोन नंबर भर सभेत तोंडपाठ म्हणून दाखवू, असं वचन मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं.

दोष द्यायचाच झाला तर रहमतभाईंच्या चहाला द्यावा लागेल. चहा आला आणि चहापाठोपाठ वाचनालयाचा सेक्रेटरी संघर्ष आला. हा शाळेतला तरुण मास्तर. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला यंदा पाहुणा कोण आणावा, या काळजीत तो आठ दिवस नीट जेवला नव्हता. "यवतमाळहून कोनी येत नाही, आन् जो येतो तो गाडी पाठवा म्हनते," तो म्हणाला. त्यावर रहमतभाईंनी मोटरीच्या तारांतून मान वर न काढता सांगितलं, "बाहेरचा कायले पायजे? हा बसला ना तुह्यासमोर. पूरी आर्णी याच्या कानात होती एक जमान्यात."

ते खोटं नव्हतं. आर्णीत टेलिफोन फिरवावा लागत नसे, नुसता उचलावा लागे, त्या काळात पलीकडून "नंबर द्या" म्हणणारा आवाज विठ्ठलरावांचा असायचा. अकरा वर्षं ते एक्स्चेंजच्या बोर्डापुढे बसले. कुणी फोन उचलला की बोर्डावर त्याच्या नंबराची छोटी झाकणी खटकन पडायची. मग दोरीचं एक टोक या भोकात, दुसरं त्या भोकात, की दोन माणसं बोलायला लागली. लोक नंबर सांगायचेच नाहीत. "विठ्ठलराव, ढेपवाल्याले लावा," "विठ्ठलराव, आमच्या पोरीच्या सासरी लावा." कुणाची पोरगी कुठे दिली आहे, हे विठ्ठलरावांना तिच्या काकांपेक्षा चांगलं ठाऊक असायचं.

"मंग अजून याद हायेत का काकाजी नंबर?" संघर्षने विचारलं.

इथे शहाण्या माणसाने हसून विषय बदलावा. विठ्ठलराव बहात्तर वर्षांचे. चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधणारे. पण ते म्हणाले, "एकशे ब्याऐंशीच्या एकशे ब्याऐंशी. झोपेतून उठवून विचारजो."

दुपारच्या आत गावभरच्या मोबाइलवर निमंत्रण फिरलं. 'आर्णीची चालती-बोलती डिरेक्टरी! जुने १८२ नंबर तोंडपाठ! चहापानाची सोय आहे.' वर विठ्ठलरावांचा फोटो. तो संघर्षने कुणाच्या तरी तेरवीत काढलेला असल्यामुळे विठ्ठलराव त्यात फार दुःखी दिसत होते. पुढे जे घडलं ते पाहता फोटो योग्यच होता.

संध्याकाळी त्यांनी बायकोला, विमलताईंना, कॅलेंडरचं मागचं पान आणि पेन्सिल घेऊन समोर बसवलं, आणि छाती काढून सुरुवात केली. एक पोलीस ठाणं, दोन सरकारी दवाखाना, तीन पोस्ट. दहापर्यंत तर ते विमलताईंकडे बघतही नव्हते, खिडकीबाहेर एखादा जमाव असल्यासारखे बोलत होते. वीस गेले, तीस गेले, सदतीस गेला. अडतीसवर गाडी थांबली. विठ्ठलरावांनी छताकडे पाहिलं. पंख्याला किती पाती आहेत ते मोजलं. "अडतीस..." ते म्हणाले. थोड्या वेळाने आणखी एकदा म्हणाले.

"एकोणचाळीस घ्या ना मंग," विमलताईंनी वाट दाखवली.

पण एकोणचाळीस अडतीसच्या मागे उभा होता, चाळीस एकोणचाळीसच्या मागे. पुढचा हलल्याशिवाय मागचा एकही हलायला तयार नव्हता. विमलताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "सदतीस झाले. राह्यले एकशे पंचेचाळीस, आन् दिवस हायेत बावीस. मी आता भाजी टाकू का?"

मग त्यांना जुन्या छापील डिरेक्टरीची आठवण झाली. ती यवतमाळला एका कचेरीच्या कपाटात आहे, असं कुणीसं सांगितलं. विठ्ठलराव अर्ज लिहून गेले. तिथला क्लार्क अतिशय सभ्य होता. सभ्य क्लार्काकडून काम करून घेणं सगळ्यात कठीण. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"काका, ही ग्राहकांची खाजगी माहिती झाली. त्यांची लेखी संमती लागेल."

"कोनाकोनाची?"

"सगळ्यांची. एकशे ब्याऐंशी."

"त्यातले शंभरक तं वारले."

"मग त्यांच्या वारसांची. वारस असल्याच्या दाखल्यासकट."

"अहो, पन मले ते नंबर पाठच हायेत!" विठ्ठलराव दुखावून म्हणाले.

"मग डिरेक्टरी कशाला पाहिजे?" क्लार्कने खऱ्या कुतूहलाने विचारलं. याचं खरं उत्तर देणं विठ्ठलरावांच्या इभ्रतीला परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी अर्जाची घडी केली, बसस्टँडवर उसाचा रस घेतला आणि ते परत आले.

तोवर गल्लीला सुगावा लागला होता. शेजारच्या मानीबाईंनी जवसाच्या चटणीची बरणी पाठवली. जवसाने डोकं वंगण घातल्यासारखं चालतं म्हणे. रहमतभाईंनी सात खजूर आणि वर गरम दूध सांगितलं. पलीकडच्या निवृत्त तलाठ्यांनी डाव्या हाताने जेवायला सुचवलं, त्याने म्हणे मेंदूची झोपलेली बाजू जागी होते. विठ्ठलरावांनी दोन दिवस डाव्या हाताने वरण खाल्लं. मेंदूचं माहीत नाही, तीन सदरे धुवायला पडले.

शास्त्रीय सल्ला मिळाला तो उमेराकडून, आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला. उमेरा ही रहमतभाईंची मुलगी. यवतमाळला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, रविवारी घरी येते. विठ्ठलरावांच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. तिने त्यांना ओसरीवर बसवून समजावलं.

"काका, मेंदूत साठवायचं फडताळ मोठं असतं, पण काम करायचा ओटा अगदी लहान. एका वेळी चार-पाचच वस्तू मावतात त्यावर. कुणी प्रश्न विचारला, त्याला ओट्यावर जागा लागते. आज कोणता सदरा घालू, त्यालाही लागते. आणि मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या खुराकातला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. म्हणून तो काटकसर करतो. आता, जे हाताच्या सवयीचं असतं ना काका, त्याला—"

पण विठ्ठलराव उठले होते. त्यांना रोगाचं मूळ सापडलं होतं. अडतीस नंबर फडताळातच होता. त्याला बाहेर काढून ठेवायला ओट्यावर जागा नव्हती. ओटा रिकामा करायला हवा!

दुसऱ्या दिवसापासून घरात काटकसर सुरू झाली. कपडे एकच, पांढरा सदरा आणि राखाडी पँट. जेवण एकच, बेसन-भाकर, म्हणजे काय खावं हा प्रश्नच नको. तारीख, वार, गॅसचा नंबर कधी लावायचा, नळ कधी येतो, हे सगळं खातं विमलताईंकडे वर्ग झालं. मोबाइल तर ओट्यावरचा सगळ्यात मोठा चोर, तो कपाटात. कुणी काही विचारलं तर उत्तर एकच: "विमलला विचारा." पोस्टमनने "काकाजी, कसे आहात?" विचारलं, त्यालाही हेच उत्तर मिळालं.

चौथ्या दिवशी विमलताईंनी चहात मीठ घातलं. "तुमचा ओटा तं झाला मोकळा," त्या कप आपटून म्हणाल्या. "माह्या ओट्यावर आता पाय ठेवाले जागा नाही! तुमचं डोकं डोकं हाय, आन् माह्यं काय गाठोडं हाय का?" विठ्ठलरावांनी यावर विचार केला असता, पण विचाराला जागा लागते.

एवढं करूनही गल्लीतले लोक प्रश्न विचारायचे थांबेनात. म्हणून त्यांनी फाटकावर पाटी लावायचं ठरवलं. रहमतभाईंनी दुकानातला एक पत्रा दिला आणि मोटरींवर खुणा करायच्या लाल रंगाने स्वतः अक्षरं काढून दिली: 'डोके कामात आहे. कृपया प्रश्न विचारू नये.' पत्रा म्हणजे विजेच्या खांबावरची जुनी धोक्याची पाटी होती, हे पहिल्या वाऱ्यातच कळलं. पाटी तारेवर गरकन फिरली की मागच्या बाजूला कवटी आणि दोन हाडं दिसत. वारा डिसेंबरचा, म्हणजे दिवसभर. एकदा 'डोके कामात आहे', एकदा कवटी.

तिसऱ्या दिवशी लोक केळी घेऊन भेटायला आले. "काही नाही, सहज आलो," असं म्हणत ते विठ्ठलरावांकडे टक लावून बघत आणि मोठ्याने, सावकाश बोलत. मानीबाईंनी पदराला डोळे पुसले. तलाठी जाताना विमलताईंना म्हणाले, "माह्या साळ्याचं बी असंच सुरू झालतं. पयले एकच सदरा घालाचा." पुण्याहून मुलीचा रडत फोन आला, आणि गुरुवारी विठ्ठलरावांना यवतमाळच्या एका डॉक्टरांपुढे बसवण्यात आलं.

"आज वार कोणता, आजोबा?" डॉक्टरांनी गोड आवाजात विचारलं.

"ते विमलकडे दिलं."

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. "बरं. मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. थोड्या वेळाने विचारीन. आंबा, कुलूप, नदी."

"नाही ठेवत," विठ्ठलराव म्हणाले.

"का बरं?"

"डॉक्टरसाहेब, मी बारा दिवसांपासून एक एक वस्तू उचलून ओटा मोकळा करून राह्यलो, आन् तुमी त्यावर आंबा ठेवता! कुलूप ठेवता! नदी कुठं मावंल तिथं?"

डॉक्टरांनी विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. एक गोळी सकाळी, एक रात्री, आणि आनंदी राहायचं, असा निकाल लागला.

यानंतर तरी विठ्ठलरावांनी थांबायला हवं होतं. पण आता प्रश्न नंबरांचा उरला नव्हता. ज्या गावाने आपल्याला "विठ्ठलराव, जरा अर्जंट लावा हो" म्हणून विनवलं, ते गाव आपल्याशी सावकाश बोलतं, हे त्यांना लागलं होतं. रोज पहाटे ते अंगणात फेऱ्या मारत घोकत आणि अडतीसला ठेचकाळत.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी घाटंजीला विमलताईंच्या भाचीच्या मुलाचं बारसं आलं. विमलताई आदल्या दिवशीच पुढे गेल्या. विठ्ठलरावांवर एकच काम सोपवलं होतं: पाळण्यावर टांगायचं रंगीत चिमण्यांचं झुंबर खास बनवून घेतलं होतं, ते घेऊन सकाळच्या बसने यायचं. पांढरा सदरा, राखाडी पँट, हातात बारा कापडी चिमण्या, असे विठ्ठलराव स्टँडवर पोचले. समोर बस उभी होती. ते चढले आणि डोळे मिटून घोकायला लागले. अडतीसला वळसा घालून आज त्यांनी थेट बाहेरगावच्या ट्रंक लाइनी घेतल्या होत्या: दारव्हा, दिग्रस, घाटंजी, महागाव...

"कुठं जाचं काकाजी?" कंडक्टरने विचारलं.

आणि ओट्यावर त्या क्षणी जे नाव होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "फुलसावंगी." बसही नेमकी तिकडचीच होती. कंडक्टरने अर्धं तिकीट फाडून दिलं.

दोन तासांनी बस जिथे रिकामी झाली तिथे विठ्ठलराव उतरले आणि घाटंजी एवढी कशी बदलली म्हणून जरा वेळ बघत राहिले. मग दुकानावरची पाटी वाचली. बाराचं बारसं. वाजले होते अकरा. मोबाइल आर्णीला कपाटात.

समोर नौशाद नावाच्या माणसाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने विठ्ठलरावांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि आपला फोन पुढे केला. "घ्या काकाजी, लावा घरी."

विठ्ठलरावांनी बोट उचललं. बोट वर राहिलं. नऊ... नऊच्या पुढे आठ होता, की चार?

"कोनाले लावाचं?"

"बायकोले."

"मंग नंबर बोला. मी लावतो."

विठ्ठलरावांना विमलताईंचा नंबर येत नव्हता. विसरले होते असंही नाही. तो त्यांनी कधी डोक्यात घेतलाच नव्हता. पोरीने मोबाइलमध्ये टाकून दिला होता. तुळशीच्या चित्रावर बोट ठेवलं की विमलताई बोलायच्या. बारा वर्षं त्या चित्रावर बोट ठेवत आले होते. १९८१ साली दिग्रसच्या रॉकेल डेपोचा नंबर काय होता, ते त्यांनी त्या क्षणी सांगितलं असतं.

"घाटंजी बेचाळीस," ते हळूच म्हणाले. ते सासुरवाडीच्या शेजाऱ्यांकडचं जुनं कनेक्शन.

"पुढं?"

"पुढं काही नाही. बेचाळीस."

"दहा आकडे लागते काकाजी," नौशाद म्हणाला. त्याच्या आवाजात डॉक्टरसारखा गोडवा आला. विठ्ठलरावांनी चिमण्या मांडीवर घेतल्या आणि ते जमिनीकडे बघत बसले. काही तरी बोलायचं म्हणून म्हणाले, "मी टेलिफोनातच होतो. ऑपरेटर होतो."

"हो का? आमच्या मागच्या गल्लीत बी एक हायेत टेलिफोनवाले. भीमसिंगकाका."

विठ्ठलराव ताडकन उभे राहिले. एक चिमणी तुटून पडली, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

दार अर्धवट उघडं होतं. "भीमसिंग राठोड इथंच राह्यतात का?" त्यांनी बाहेरून विचारलं.

आत कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. मग आवाज आला.

"बोला आर्णी."

विठ्ठलरावांनी चौकट धरली. दिवसातून तीस-चाळीस वेळा, अकरा वर्षं, त्यांनी हा आवाज ऐकला होता. मुंबईपेक्षा लांबून आल्यासारखा, खरखरीत. भीमसिंग हा फुलसावंगी एक्स्चेंजचा ऑपरेटर. नावं ठाऊक असली तरी लाइनीवर ऑपरेटर एकमेकांना गावाने हाक मारत. आवाजाच्या भरदारपणावरून त्यांनी मनात सहा फुटांचा मिशीवाला गडी उभा केला होता. खाटेवर बसला होता तो कानटोपी घातलेला, लहानखुरा म्हातारा. त्याचे डोळे दाराच्या जरा डावीकडे बघत होते. काचबिंदूने नजर गेली होती.

"बोला फुलसावंगी," विठ्ठलराव म्हणाले आणि उंबरा ओलांडून आत आले.

"राम रामी! राम रामी! बस ना भाऊ. चाळीस वर्सं झाली, लाइन आज जुळली!" भीमसिंगने हात पुढे केला, तो चिमण्यांना लागला. "हे काय हाय?"

विठ्ठलरावांनी सगळं सांगितलं. दहा आकड्यांपर्यंत सगळं. भीमसिंग हसला नाही. ऑपरेटर होता तो. कॉल अडकला की आधी वाट शोधायची, हे त्याला मुरलेलं. "आर्णीत तुह्या वळखीचं कोन? धंदा काय?" रहमत, मोटरी भरतो. "मंग झालं." भीमसिंगने नौशादला बोलावलं. नौशादने महागावच्या मोटरींच्या तारवाल्याला फोन लावला, तारवाल्याकडे रहमतभाईंचा नंबर होता, रहमतभाईंकडे विमलताईंचा. फुलसावंगी, महागाव, आर्णी, घाटंजी. पूर्वी हीच वाट होती. वीस मिनिटांत नौशादचा फोन वाजला.

"तुमी जित्ते हा ना?" विमलताईंनी विचारलं.

"हो."

"आन् चिमन्या?"

"अकरा हायेत."

"बसा मंग तिथंच. येताना कंडक्टरशी बोलू नका, मी त्याच्याशी बोलतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पाठीमागे बारशाची गाणी ऐकू येत होती.

परतीची बस तीनला होती. भीमसिंगच्या सुनेने भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. पंधरा दिवसांत विठ्ठलरावांच्या ताटात बेसनाशिवाय काही आलं नव्हतं. ते पोटभर जेवले आणि बेसुमार बोलले. पावसात तारा तुटायच्या त्याचं, संपाचं, रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून हे दोघे लाइनीवर एकमेकांना कोडी घालायचे त्याचं. बोलता बोलता भीमसिंग एकदम जुन्या आवाजात म्हणाला, "आर्णी, आर्णी, ढेपवाले द्या."

विठ्ठलरावांचा उजवा हात आपोआप वर गेला, डावीकडे. "बाहत्तर."

"जिनिंगवाले द्या."

हात खाली, उजवीकडे. "एकशे सात."

"तुमच्या शाळेचे हेडमास्तर."

"अडतीस," विठ्ठलराव म्हणाले, आणि आपल्याच हाताकडे बघत बसले.

उमेराला हे कळलं तेव्हा ती रहमतभाईंच्या ओसरीवर पोट धरून हसली. "काका, मी तेच सांगत होते! सवयीच्या कामाला ओटा लागत नाही. हात परस्पर फडताळातून काढून देतात. तुम्ही अर्ध्यातून उठलात." विठ्ठलराव म्हणाले, "तू आधी मागचं अर्धं सांगाचं होतं." घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा फाटकावरची पाटी काढली, आणि मग कपाटातून निळा सदरा. विमलताईंनी त्या दिवशी वांग्याची भाजी केली. कोणती करू, हे त्यांनी मुद्दाम तीनदा येऊन विचारलं.

कार्यक्रमाला वाचनालय भरलं होतं. काही लोक नंबर ऐकायला आले होते, काही विठ्ठलरावांचं आता कसं काय आहे ते बघायला. विठ्ठलरावांनी दोन अटी घातल्या होत्या. फुलसावंगीहून भीमसिंगला आणायचं, आणि आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची.

"काकाजी, लोकाईकडं पाठ करून बसता का?" संघर्ष कळवळून म्हणाला.

"अकरा वर्सं पाठच होती. बोर्ड भिंतीले होता."

ते कोऱ्या भिंतीपुढे बसले. भीमसिंग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. त्याने पहिला कॉल दिला, विठ्ठलरावांचा हात हवेत उठला, आणि नंबर निघाले. मग लोकच मागायला लागले. "सोनार द्या," "सायकलवाले द्या," "आमचे आजोबा द्या." सगळे बरोबर आले असं नाही. दवाखान्याचा एक कॉल त्यांनी पिठाच्या गिरणीला जोडला, तेव्हा तलाठ्यांनी मागून दुरुस्ती केली. संघर्ष कागदावर रेघा मारत होता, पण चौऱ्याण्णवच्या पुढे त्याचा हिशेब सुटला. कारण नंबर निघाला की त्या घरातलं कुणीतरी उठून सांगायचं: त्या फोनवर कुणाची नोकरी लागल्याचं कळलं, कुणाला जुळं झाल्याचं. रहमतभाई उभे राहून म्हणाले, त्रेपन्न नंबरवर त्यांचं लग्न मोडलं आणि त्याच संध्याकाळी जुळलं, दोन्ही वेळा लाइन विठ्ठलनेच लावली. एकशे ब्याऐंशी झाले की नाही, ते कुणी विचारलंच नाही.

सगळ्यात शेवटी मैनाबाई उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी घेऊन चालणाऱ्या. त्यांच्या घरी फोन कधीच नव्हता. त्या काळी फोन करायला त्या दर शनिवारी एक्स्चेंजमध्येच येऊन बाकावर बसायच्या.

"फुलसावंगी द्या जी. भावाशी बोलाचं हाय."

त्यांच्या भावाला जाऊन चार वर्षं झाली होती. हे त्यांना ठाऊक होतं, विठ्ठलरावांना ठाऊक होतं, आणि भीमसिंग तर त्याच्या अंत्यविधीला जाऊन आलेला.

विठ्ठलरावांचा हात वर जाऊन थांबला. मग ते म्हणाले, "फुलसावंगी, आर्णी बोलून राह्यलो. मैनाबाई लाइनीवर हायेत. भाऊ पायजेत."

भीमसिंगने कानटोपी नीट केली. बोलला तेव्हा आवाज खात्याचा होता, कोरडा. "लाइन बिझी हाय, आर्णी. बाईले थांबाले सांगा."

"बाई, थांबावं लागंल."

"थांबतो ना," मैनाबाई म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

आभार झाले, चहा झाला, खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लागल्या. मैनाबाई दोन कप चहा पिऊन बसून होत्या. शेवटी त्या काठी टेकत टेबलाशी आल्या.

"नाही लागला का जी?"

"नाही लागला, बाई," विठ्ठलराव म्हणाले.

"तवा तरी कुठं लागे! दिसभर बसवून ठेवत होता तुमी. मंग एखाद्या दिवशी तोच बसनं येऊन उभा राहे." त्या बोळक्या तोंडाने हसल्या आणि भीमसिंगकडे वळल्या. "तुमची बस कितीले हाय?"

"साडेपाचले."

"चाला मंग. स्टँडावर सोडून देतो मी तुमाले."

दिसत नसलेल्या भीमसिंगने त्यांच्या कोपराला धरलं आणि दोघं काठीच्या चालीने निघाले. रस्त्याला लागताच मैनाबाई बोलायला लागल्या. तूर कशी आली ते, नातीचं कुठे जमतं आहे ते, गुडघ्याचं, आईच्या पाटल्यांवरून आपण तेव्हा भावाला उगाच बोललो त्याचं. भीमसिंग अधूनमधून "हो बाई, सांगतो" म्हणत होता. विठ्ठलराव मागून येत होते. दोन शब्द कानावर पडले तसे ते थांबले, आणि त्यांनी दोघांना पुढे जाऊ दिलं. लाइन जोडून दिली की आपण ऐकत बसायचं नसतं, एवढं त्यांना अजून पक्कं आठवत होतं.